ऑलिम्पिकवीर कै. खाशाबा जाधव

महिला मंडळाच्या स्मरणिकेत पैलवानाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही भगिनींच्या मनात येईल. आपल्या स्मरणिकेत संतांची चरित्रे येतात, समाजसेविकांची येतात, क्वचित एखाद्या लेखिकेचे येते. तालमीची लाल माती अंगाला लावणाऱ्या माणसाला या पानांत आजवर जागा मिळालेली नाही. परंतु कै. खाशाबा जाधव यांची हकीकत जो कोणी नीट वाचील, त्याच्या ध्यानात येईल की तीत कुस्तीच्या डावपेचांइतकाच वर्गणीचा, कर्जाचा आणि गहाण पडलेल्या घराचा भाग आहे. आणि या गोष्टी आपणां बायकांना पुरुषांपेक्षा थोड्या अधिकच कळतात. शिवाय त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी, म्हणजे ऐन संक्रांतीचा सुमार. आपल्या हळदीकुंकवाच्या धामधुमीत तो दरवर्षी येतो आणि जातो. २०२३ साली राज्य शासनाने तो दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरविला, तेव्हापासून मुलांच्या शाळांतून तरी त्यांचे नाव घेतले जाऊ लागले आहे.

आणखी एक कारण आहे. आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, पुढे चिंचवड, भोसरी, आकुर्डीपर्यंत कारखाने वाढत गेले, आणि त्यांच्या मागोमाग सातारा, सांगली, कोल्हापूरकडची कितीतरी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. आपल्या मंडळाच्या हजेरीपटावर नुसती नजर टाकली तरी हे दिसते. माझे स्वतःचे माहेर कराड तालुक्यातले. तिकडच्या घरांतून खाशाबांचे नाव देवघरातल्या नावाइतक्या आपलेपणाने घेतले जाई. येथे वाढलेल्या आपल्या मुलांना मात्र ते फारसे ठाऊक नाही, असा माझा अनुभव आहे.

कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन मिळतात त्या कराडजवळ गोळेश्वर नावाचे गाव आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः चांगले मल्ल होते. पाच मुलांत खाशाबा धाकटे. घर शेतकऱ्याचे, खुराकाला दूध-तूप असले तर घरचे, नसले तर नाही, अशी परिस्थिती. पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना आखाड्यात उतरविले. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. शाळेत असतानाच १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्ह्यात त्या चळवळीचा जोर किती होता, हे तिकडच्या वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलेलेच आहे. खाशाबांनी त्या दिवसांत भूमिगतांना आसरा देण्याचे व निरोप पोहोचविण्याचे काम केले.

शरीराने ते आडदांड नव्हते. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जी दांडगी मूर्ती उभी राहते तशी त्यांची नव्हती. लहान चणीचे, चपळ, आणि डोक्याने शांत. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले तेव्हा कॉलेजच्या वार्षिक खेळांत त्यांचे नाव घेण्यास तेथील क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, असे सांगतात. हा किरकोळ मुलगा कुस्ती काय करणार, असे त्यांना वाटले असावे. खाशाबा सरळ प्राचार्य खर्डेकरांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना उतरू दिले, आणि त्यांनी आपल्याहून थोराड मुलांना एकामागून एक पाडले. हे प्राचार्य खर्डेकर पुढे या चरित्रात पुन्हा येणार आहेत, म्हणून त्यांचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. कॉलेजातील शिक्षक म्हणजे हजेरी आणि परीक्षा एवढ्यापुरता, असे मानणाऱ्यांनी तर विशेषच.

कॉलेजात आणि बाहेर त्यांचा हातखंडा डाव म्हणजे ढाक. प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घ्यायची आणि क्षणात त्याला खाली आदळायचे. ताकदीपेक्षा वेळ साधण्याला या डावात महत्त्व आहे. बाबुराव बलवडे, बेलापुरे गुरुजी यांच्यासारख्या जाणत्यांनी त्यांना पैलू पाडले. हळूहळू आंतरविद्यापीठ आणि राष्ट्रीय सामन्यांतून त्यांचे नाव होऊ लागले.

१९४८ साली लंडनला ऑलिम्पिक भरले. स्वतंत्र भारताचे ते पहिलेच. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला म्हणून खाशाबा जाऊ शकले. आपल्याकडची कुस्ती मातीतली आणि तिकडची गादीवरची. मातीत पाय रुततो, अंग धरले जाते. गादीवर सारेच वेगळे. नियम निराळे, गुण मोजण्याची रीत निराळी. मातीवरची कुस्ती चीतपट झाली की निकाल लागला, एवढेच आपल्या माणसाला ठाऊक. लंडनमध्ये रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना थोडेबहुत शिकविले, आणि त्या शिदोरीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला व अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरविले. पुढे इराणच्या मल्लाने त्यांना थांबविले. सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांना सहावी जागा मिळाली. नवख्या माणसाला गादीवर सहावी जागा म्हणजे लहान गोष्ट नव्हे. परत आल्यावर त्यांनी वजनगट वरचा घेतला आणि पुढची चार वर्षे केवळ हेल्सिंकीचा ध्यास धरला.

आता या चरित्रातील खरा कठीण भाग येतो, आणि तो आखाड्याबाहेरचा आहे. १९५२ च्या संघाच्या निवडीसाठी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय सामन्यांत निरंजन दास या मल्लाविरुद्ध खाशाबांना एका गुणाने हार दिली गेली. हा निकाल त्यांना मान्य नव्हता. दुसरा एखादा असता तर नशिबाला दोष देऊन घरी बसला असता. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादवींद्रसिंग त्या वेळी भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि स्वतः कुस्तीचे शौकीन होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली. या वेळी गुणांचा हिशेब करण्याची वेळच खाशाबांनी येऊ दिली नाही. दासांना चीत करून ते मोकळे झाले.

निवड झाली, परंतु जायचे कशाने? तिकीट, राहणे, कपडे, सारा खर्च ज्याचा त्याने करायचा. सरकारदरबारी अर्जविनंत्या झाल्या. वेळेवर पुरेसे हाती लागेना. तेव्हा गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. शेतकऱ्यांच्या गावची ती वर्गणी. कोणी किती दिले याचा कागद आज पाहायला मिळाला असता तर मी तो आवडीने वाचला असता. खाशाबा आणि त्यांच्या घरचे दारोदार फिरले. तरीही रक्कम भरेना. अशा वेळी प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले.

सात हजार रुपये म्हणजे काय, हे आज सांगावे लागते. त्या काळी सोने तोळ्याला शंभर रुपयांच्या आत होते. म्हणजे सत्तर तोळ्यांहून अधिक सोने येईल एवढी ती रक्कम. आपल्यापैकी कोणाच्या यजमानांनी एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी राहते घर गहाण टाकण्याचा विचार बोलून दाखविला, तर घरात काय होईल, याची कल्पना प्रत्येकीने आपापली करावी. खर्डेकरांच्या घरच्या बाईंविषयी कोठे काही लिहिलेले माझ्या वाचनात नाही. चरित्रे लिहिताना पुरुष मंडळी ही बाजू नेहमीच विसरतात. पण घर एकट्याचे नसते, आणि गहाण पडते तेव्हा सगळ्यांचे पडते.

फिनलंडची राजधानी हेल्सिंकी. जुलै १९५२. खाशाबांचा गट सत्तावन्न किलोंचा. पहिली कुस्ती कॅनडाच्या पोलिक्विनशी. ती बरीच लांबली, पण अखेर खाशाबांनी त्याला चीत केले. मेक्सिकोच्या बासुर्तोला तर साडेपाच मिनिटांच्या आतच पाठ टेकावी लागली. जर्मनीच्या श्मिट्झला त्यांनी गुणांवर मागे टाकले. असे करीत करीत गटात तीन मल्ल उरले: जपानचा शोहाची इशिई, सोव्हिएत रशियाचा रशीद मामादबेयोव आणि गोळेश्वरचे खाशाबा.

इशिई मूळचा ज्युडोचा खेळाडू. महायुद्धानंतर अमेरिकनांच्या अंमलात जपानात ज्युडोवर बंदी आली म्हणून तो कुस्तीकडे वळलेला. त्याच्याशी खाशाबांची झुंज पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि गुणांवर इशिई जिंकला. गटाचे सुवर्णपदक त्यालाच मिळाले. त्या ऑलिम्पिकमध्ये जपानच्या वाट्याला आलेले ते एकमेव सुवर्ण होते. तेव्हा खाशाबांना ज्याने हरविले तो कोणी सामान्य नव्हता, हे नमूद केले पाहिजे.

यापुढे जे झाले ते वाचताना अजूनही जीव हळहळतो. इशिईशी झगडून दमलेल्या खाशाबांना लागलीच मामादबेयोवशी कुस्तीस उभे राहण्याचा हुकूम झाला. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. परंतु तो नियम दाखवून त्यांची बाजू मांडायला त्या क्षणी एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. खाशाबांना तिकडची भाषा येत नव्हती. एकट्याने कोणाशी वाद घालणार? ते उभे राहिले आणि हरले. रशियन मल्लाला रौप्य, खाशाबांना कांस्य. तो दिवस २३ जुलै १९५२. विश्रांती मिळाली असती तर कदाचित रौप्य मिळाले असते, कदाचित नसतेही. मामादबेयोवही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पण अर्धा तास हा त्यांच्या हक्काचा होता आणि तो त्यांना मिळाला नाही, एवढे खरे.

स्वतंत्र भारताला एका खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळवून दिलेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि देशभर बोलबाला झाला तो हॉकीचा. त्यात नवल नाही. हॉकीचे सुवर्ण ही आपली जुनी मिरास होती, आणि कुस्तीतील कांस्याचे मोल तेव्हा फारसे कोणाला कळले नाही. खाशाबांचेच सहकारी केशव मानगावे हेही त्या वेळी पदकाच्या अगदी उंबरठ्यापर्यंत जाऊन चौथे आले; त्यांचे नाव तर आज कोल्हापूरबाहेर फारसे ऐकूही येत नाही.

देशाला कळले नसेल, पण कराडला कळले. खाशाबा कराडच्या स्टेशनावर उतरले तेव्हा त्यांना न्यायला एकशे एक्कावन्न बैलगाड्या आल्या होत्या. ढोल वाजत होते, लेझीम चालू होते. एरवी पाव तासाची वाट, तिला त्या दिवशी सात तास लागले. बैलगाड्यांची ती रांग कल्पनेने पाहावी. या गाड्यांतून बसलेल्यांपैकी पुष्कळांचा रुपया-दोन रुपया त्या पदकात होता. आपल्या पैशाने गेलेला मुलगा नाव काढून आला, हा आनंद आणि वर्तमानपत्रात बातमी वाचून होणारा आनंद, यांत फरक आहे.

सत्कार झाले, हार-तुरे झाले. पुढे खाशाबांनी जे केले ते मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः त्यांत उतरले, जिंकले, आणि जमलेला पैसा प्राचार्य खर्डेकरांच्या हाती ठेवून त्यांचे घर सोडविले. ऑलिम्पिकचा विजेता गावोगावच्या आखाड्यात उतरतो तो आणखी कीर्तीसाठी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी. त्यांच्याकडे कोणी तगादा लावला होता, असे दिसत नाही. सत्कारांच्या गर्दीत त्या गहाणखताची आठवण त्यांना आपणहून राहिली. आपल्या भिशीत हप्त्याच्या तारखेला आजारी पडणाऱ्या भगिनी मला माहीत आहेत, म्हणून मी या गोष्टीवर थोडी अधिक रेंगाळले. असो.

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकला जाण्याची त्यांची उमेद होती. गुडघ्याच्या दुखापतीने ती संपविली. खात्याच्या स्पर्धांतून मात्र ते खेळत आणि जिंकत राहिले, तरुण पोलिसांना शिकवीत राहिले. नोकरीची सत्तावीस वर्षे त्यांनी भरली आणि असिस्टंट पोलीस कमिशनरच्या हुद्द्यावरून ते निवृत्त झाले. या वर्षांविषयी लिहिण्यासारखे प्रसंग कमी आहेत, आणि सचोटीच्या नोकरीचे असेच असते. खेळातील नावाचा व्यापार त्यांनी केला नाही. १९८२ साली दिल्लीला एशियाड भरले तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत त्यांना मान मिळाला, ही त्यांच्या उत्तरायुष्यातील सुखाची आठवण.

निवृत्तीनंतर मात्र पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. ज्या माणसाने दुसऱ्याचे सात हजार मागितल्याशिवाय फेडले, त्याला स्वतःच्या हक्काच्या पैशांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागावे, यावर अधिक काही लिहिण्याची आवश्यकता नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील एका अपघातात त्यांचा अंत झाला. वय अवघे अठ्ठावन्न. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीला कोठूनही म्हणण्यासारखे साहाय्य मिळाले नाही. त्या माउलीने ते दिवस कसे काढले, हे लिहून ठेवणाऱ्याची अजून गरज आहे.

मानसन्मान आले ते सर्व मागाहून. १९९० नंतर राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर देण्यात आला. अर्जुन पुरस्कार २००१ मध्ये, म्हणजे पदकानंतर जवळजवळ पन्नास आणि मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. २०१० साली दिल्लीतील इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. पद्म पुरस्कार त्यांच्या हयातीत त्यांच्या वाट्याला आला नाही. गावी त्यांच्या नावाने कुस्तीचे केंद्र व्हावे ही घरच्यांची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली. २०१७ साली तर केंद्राच्या पैशांसाठी ते कांस्यपदकच लिलावात काढण्याची भाषा घरच्या मंडळींना करावी लागली. १९५२ साली पदकासाठी घर गहाण पडले आणि पासष्ट वर्षांनी पदकच विकायला काढण्याची पाळी यावी, हा योगायोग मला बरा वाटत नाही.

त्यांच्या पदकाचे मोल पुढच्या वर्षांनी हळूहळू दाखवून दिले. त्यानंतर एकट्याच्या बळावर ऑलिम्पिक पदक मिळविणारा दुसरा भारतीय लिअँडर पेस, तोही १९९६ साली टेनिसमध्ये. मध्ये चव्वेचाळीस वर्षे कोरडी गेली. कुस्तीत पुढचे पदक सुशीलकुमारने २००८ मध्ये आणले, छप्पन वर्षांनी. आपणा भगिनींना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे २०१६ साली रिओला हरियाणाच्या साक्षी मलिकने कुस्तीत कांस्यपदक मिळविले. भारतीय स्त्रीला ऑलिम्पिकमध्ये मिळालेले कुस्तीचे ते पहिले पदक. आणि महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आले ते बहात्तर वर्षांनी, २०२४ साली पॅरिसला, नेमबाज स्वप्नील कुसाळेकडून. तोही कोल्हापूर जिल्ह्याचाच, कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा. आणि त्याचा सराव होता तो आपल्या शेजारी, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. पदक मिळताच त्याला राज्य शासनाने एक कोटी रुपये जाहीर केले. काळ बदलला, हे चांगले झाले.

जाता जाता कार्यकारिणीस एक सूचना करते. मंडळाची वार्षिक सहल कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनास न्यावी असा विचार पुष्कळ भगिनी बोलून दाखवीत असतात. मोटार महामार्गाने कराडवरूनच जाते. प्रीतिसंगमावर डबे सोडून पुढे गोळेश्वरला जाण्यास फार वेळ लागणार नाही. खाशाबांच्या घराला तेथे ऑलिम्पिक निवास असे नाव आहे, आणि गावात कोणालाही विचारले तरी वाट दाखवितात. मुलांना बरोबर घेतल्यास गाडीची जागा आधी मोजून घ्यावी लागेल. गेल्या खेपेसारखी ऐन वेळी ओढाताण नको.